राघोच्या बापाची जागा

नौपाडा, ठाणे

पोरी, आशीर्वाद.

काल रात्री तू पाठवलेले अकरा फोटो पाहिले. एकही सरळ नाही. चौथ्यात तुझा अंगठा आलाय आणि नेमका शिक्का त्याच्याखाली. तरी फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाची नोंद, वाचता आला, कारण तो बाळबोधीत, साध्या देवनागरीत आहे आणि त्या तलाठ्याचं अक्षर देखणं आहे. साल १९२७. ‘राघो हा मयत. वारस मुलगा जोमा राघो, अज्ञान, अ.पा.क. आई गोमी जोजे राघो.’ आणि खातेदाराचं पूर्ण नाव हवं तिथे नुसतं ‘राघो’. त्याच्यापुढे शाईची एक आडवी रेघ.

जोजे हे आडनाव नाही गं. किती हसलो! जोजे म्हणजे बायको. गोमी ही राघोची बायको, एवढंच. कुठे ‘कोम’ दिसेल, तेही बायकोच. कुठे ‘भ्र.’ दिसेल, तो भ्रतार, म्हणजे नवरा. ‘बिन’ दिसलं की पुढे बापाचं नाव. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन करणारा. पोर लहान आहे, व्यवहार दुसरं कोणी पाहतंय. ही चार अक्षरं आलीच पाहिजेत, नाहीतर पुढचं सगळं चुकतं. कसं चुकतं ते माझंच सांगतो, पण आधी तुझा प्रश्न.

त्या रेघेच्या जागी जोमा लिहायचं की पोशा, असं तू विचारतेस. गावच्या जुन्या यादीत राघोचा बाप शोभतील अशा वयाचे दोघे सापडलेत. तुझा चुलतभाऊ पोशा म्हणतो. तू जोमा म्हणतेस, कारण राघोने थोरल्या मुलाचं नाव जोमा ठेवलं, आणि थोरल्या नातवाला आज्याचं नाव देण्याची आपल्याकडे रीत.

माझं उत्तर: रेघ लिही.

हे काय उत्तर झालं, असं तू म्हणणार. झालं. तलाठी समोर बसून लिहीत होता, गाव ओळखीचं होतं, गोमी समोर उभी होती, आणि तरीही त्याने रेघ ओढली. त्याला जे लिहिता आलं नाही ते तू आणि मी शंभर वर्षांनी ऐरोलीच्या आयटी पार्कात बसून लिहिणार? रिकामी जागा रिकामी ठेव. तिलाही काहीतरी सांगायचं असतं.

तुझा तर्क वाईट नाही. नाव ठेवण्याची रीत खरीच, आणि मीही तिच्या आधाराने कितीतरी घरांचा माग काढलाय. पण तीच रीत आईच्या बापालाही लागते, अकाली गेलेल्या भावालाही लागते, कधी नवसालाही. शिवाय तुमच्या पट्टीत त्या काळी दर तिसऱ्या घरी एक जोमा. म्हणून तो धागा आहे, पुरावा नाही. पेन्सिलीने समासात लिही, रेघेवर नको.

चुलतभावाचा तर्क मला लगेच कळला, कारण एके काळी मी तसाच होतो. पोशाच्या घरात पोलीस पाटीलकी होती ना? मग झालं. माणसाला अज्ञात बाप मिळत नाही तोवर ठीक, पण मिळवायचाच म्हटलं की तो नेहमी जरा बऱ्या घरातला निघतो. मोलकरी बाप कोणी शोधून काढलेला मी पाहिला नाही. आणि आडनावावर जाऊ नका म्हणावं. पाटील हा हुद्दा होता, घराला नंतर चिकटला. जुन्या कागदांत तुमच्या भागात आडनावं जवळजवळ नसतातच. नुसतं नाव, बापाचं नाव, गाव. एकाच बापाचे दोन मुलगे पुढे एक पाटील आणि एक म्हात्रे झालेले मी पाहिलेत.

त्याला हे कशासाठी हवंय तेही मला ठाऊक आहे. जात पडताळणीसाठी असेल तर गरजच नाही. इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो आणि तुझ्या आजोबांचा शाळेचा दाखला त्याच्या आधीचा आहे, तूच दाखवलास. प्रतिज्ञापत्रात वंशावळ राघोपाशी थांबली तर कोणाचं काही बिघडत नाही. उलट खोटं नाव घालून ती पोशाच्या घराला जोडली, आणि उद्या त्यांच्या वंशावळीत राघो निघालाच नाही, तर दोन्ही घरं अडकतील.

आता माझं.

माझे वडील १९९१ साली गेले. वर्षश्राद्धाला गुरुजींनी तीन नावं विचारली: पिता, पितामह, प्रपितामह. मी वडिलांचं सांगितलं, आजोबांचं सांगितलं, सखाराम, आणि गप्प झालो. महसूल खात्यात दिवसभर दुसऱ्यांचे वारस लावणारा माणूस, आणि स्वतःच्या पणजोबांचं नाव ठाऊक नाही. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणतात, तसं गुरुजींनी नावाचंही निभावून नेलं. पण पाटावर बसलेल्या भावांनी माझ्याकडे पाहिलं, ते मला लागलं.

तीन वर्षं सुट्टीचा दिवस घरी काढला नाही. आमचं गाव शहापूर तालुक्यात. पहाटेची आसनगाव लोकल, तिथून एसटी, मग पायी. एका कचेरीत दप्तराला वाळवी, दुसऱ्या ठिकाणी शिपाई म्हणे साहेब नाहीत, उद्या या. त्या काळी मोबाईल नव्हता, पान हाताने उतरवून घ्यायचं. हे तुला सांगतोय ते दया यावी म्हणून नाही; दमलेला माणूस काय करतो ते कळावं म्हणून. गावच्या खातेदारांच्या यादीत आमच्याच शेताशेजारी एक महादू सापडला. वेळ जुळली, जागा जुळली. मी लिहिलं: सखाराम बिन महादू. १९९४ साली घराण्याची पुस्तिका छापली, तीनशे प्रती. पहिल्या पानावर महादूपासून झाड.

माझी आत्या तेव्हा हयात होती. पुस्तिकेतलं वाचून दाखवलं तेव्हा म्हणाली, ‘महादू कोण रे? माझी आजी भागी, ती एकटीच आली होती भावाकडे, कडेवर पोर घेऊन. ते पोर म्हणजे दादा, तुझा आजा.’ मी म्हटलं, आत्या, कागद आहे. तिने पुन्हा तो विषय काढला नाही. दोन वर्षांनी ती गेली. भागी कुठून आली, का आली, नवऱ्याने टाकली की तो मेला, हे सगळं तिला ठाऊक असणार. मी तिला एक प्रश्न विचारला नाही. माझ्याकडे कागद होता ना!

२००७ मध्ये, निवृत्तीच्या आधी, दुसऱ्याच कामासाठी ती यादी पुन्हा हातात आली. या वेळी मूळ कागद, आणि उजेड बरा. महादूच्या नावापुढे घडी पडली होती. घडी बोटाने सरळ केली. आत बारीक अक्षरात: अ.पा.क. आजा. महादू हे लहान पोर होतं. मग गावची मृत्यूची नोंदवही काढली, १९१८ ची, इन्फ्लुएन्झाच्या साथीची पानं. एका पानावर माणसं किती मेली ते पाहवत नाही. त्यात महादू, वय अजमासे १२, ताप. आजोबा तेव्हा १८ वर्षांचे. म्हणजे मी आजोबांना त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान बाप दिला होता.

त्यानंतर भागीच्या भावाचं खातंही सापडलं. त्यात ‘सखाराम, अज्ञान, अ.पा.क. आई भागी’. बिन काही नाही. जमीन आईच्या माहेरची. आत्या शब्दाशब्दाला खरी होती.

भावाने तोवर नातवाचं नाव महादेव ठेवलं होतं. पुस्तिका नातेवाइकांकडे गेली, तिथून आणखी कुणी उतरवून घेतली. मी पत्रं पाठवली, दुरुस्तीची पट्टी चिकटवा म्हणून. किती जणांनी चिकटवली असेल? मी वाईट हेतूने केलं नव्हतं. तीन वर्षांचं काम रिकाम्या जागेवर संपवायचं मन होत नव्हतं, हेही खरं, आणि लोकांनाही झाड हवं असतं, बुंधा नसलेलं कोण छापणार? पण रिकामी जागा मी रिकामी ठेवली असती तर आत्याने तिथे भागी भरली असती. मी महादूला बसवला, आणि भागीला उभं राहायला जागा उरली नाही.

म्हणून तुझ्यावर चिडतो. रेघ म्हणजे अपयश असं तुला वाटतंय. राघोपुढे बाप नाही याची लाज वाटते असं तू लिहिलं नाहीस, पण फोटो पाठवायला तीन आठवडे लावलेस. बाप नसण्याची कारणं पुष्कळ असतात. पोर मामाकडे वाढलं, बाप घरजावई होता आणि जमीन बायकोच्या नावची, बाप मुंबईला गिरणीत गेला तो आलाच नाही, १८९६ पासूनच्या प्लेगात घरंच्या घरं बसली. कधी तर नुसता तलाठ्याचा कंटाळा.

आता काम. तू म्हणतेस रजा काढून पुण्याला पुराभिलेखागारात जाते. जाऊ नकोस. तुमचा खाडीपलीकडचा मुलूख पेशवाई संपेपर्यंत मराठी अंमलात होता, तर खाडीच्या अलीकडचं ठाणे १७७४ पासून ईस्ट इंडिया कंपनीकडे, त्यामुळे जुनं दप्तर दोन ठिकाणी विभागलंय, हे खरं. पण ते राघोच्या पणज्याचं काम. तुझ्या हातात अजून राघोचा बाप नाही आणि तू त्याच्या वरच्या फांदीवर उडी मारतेस. मोडीही तुला अजून येत नाही. मोडीत शब्द तोडत नाहीत, ह्रस्वदीर्घ पाळत नाहीत, आधी रेघ ओढून खाली अक्षरं लोंबकळत जातात. तुला जे हवं तेच वाचशील. मीही वाचलंय.

आधी तहसीलच्या अभिलेख कक्षातून याच गटाचे १९२७ च्या आधीचे आणि नंतरचे सगळे फेरफार माग. फक्त राघोचे नाही, शेजारच्या चार खात्यांचेही. बाप बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या कागदात सापडतो. मग नवी मुंबईसाठी सिडकोचं भूसंपादन झालं तेव्हाचा निवाडा. सिडको आली १९७० मध्ये, पंचाण्णव गावांची जमीन गेली, त्या वेळी वारसांच्या याद्या झाल्या. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्के भूखंडाच्या फायलीत तुझ्या वडिलांनी जोडलेली वंशावळ असेलच. ती मात्र पुरावा समजू नकोस, ती तुमच्याच घरात तयार झालीय. मग शाळेचं जनरल रजिस्टर, पालकाचा रकाना पाहा. जन्मतारीख १ जून दिसली तर सोडून दे, ती मास्तरांनी दिलेली. घरातलं कोणी त्र्यंबकेश्वरी गेलं असेल तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यात गावाच्या नावाने शोध. तिथे येणारा स्वतः बापाचं, आज्याचं नाव सांगतो, तलाठी आणि जमीन यांचा त्यात संबंध नसतो. दोन वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या कामासाठी लिहिलेल्या कागदांत एकच नाव आलं, तरच रेघेवर पेन टेकवायचं. एकाने नाही. माझा महादू एकाच कागदातला होता.

आणि ते डीएनएचं किट मागवू नकोस. जोमा आणि पोशा भाऊ असले तर दोघांच्या वंशजांत वडिलांकडून येणारा वाय गुणसूत्राचा धागा एकच निघणार. बाप कोण आणि काका कोण, हे ती नळी सांगणार नाही. पैसे मात्र जातील.

हे सगळं थांबू शकतं. एक गोष्ट थांबू शकत नाही. तूच म्हणालीस, आजी लग्न होऊन आली तेव्हा गोमी म्हातारी ओटीवर बसलेली असायची. आजी आता चौऱ्याऐंशीची. तिने गोमीला पाहिलंय, तिच्या हातचं खाल्लंय, बहुतेक तिच्या शिव्याही खाल्ल्यात. तुझ्या अकरा फोटोंपैकी एकाही कागदाने राघोच्या बायकोला पाहिलेलं नाही.

तिला ‘राघोचा बाप कोण’ असं थेट विचारू नकोस. नाय ठाव म्हणेल आणि दाणे सोलत बसेल. बायकांना नावं सांगायची सवय नव्हती, सासऱ्याचं तर नाहीच. तिला गावं विचार. गोमीला माहेरच्या कोणत्या गावावरून हाक मारत? राघो वाढला कुठे, याच गावात की मामाच्या? जोमाच्या लग्नात मामाचा मान कोणाला, आणि तो कुठून आला? गणपतीला कोणाच्या घरून शिधा यायचा? बोलू दे. मध्ये दुरुस्त करू नकोस. फोन पालथा ठेवून रेकॉर्डिंग चालू कर, पण आधी तिला सांग.

मग रविवारी इकडे ये, दुपारच्या आत. तुझ्या काकूंना मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगितलंय, त्यामुळे जेवण साधंच असेल. मूळ नक्कल आण, फोटो नको, आणि घडी पडली असेल तर इस्त्री करू नकोस.

तुझा
काका