पंपाची वही आणि काकूंची म्हैस

"ताई, मागच्या आठवड्यात सहाशे वीस निघत होतं, आज चारशे ऐंशी. दूध आटत चाललंय का हो माझं?"

मी स्तनपानाचा सल्ला देते; मला आलेल्या फोनवरचं पहिलं वाक्य हेच. नाव नाही, गाव नाही, नुसते दिवसभराच्या दुधाचे मिलीतले आकडे. त्यावरूनच कळलं की ही पंपाने दूध काढणारी आई आहे. अंगावर पाजणारी म्हणते, "बाळाचं पोट भरत नाही वाटतं," आणि वजन करून पाहिलं की बहुतेक वेळा ती भीती खोटी निघते. पंपवालीच्या डोळ्यांसमोर मात्र बाटलीवरच्या रेघा असतात. तिची भीती मी हसण्यावारी नेत नाही.

तिला मेघा म्हणू (नाव अर्थातच बदललंय). सातारा जिल्ह्यातलं गाव, बँकेत नोकरी, बाळंतपणाच्या २६ आठवड्यांच्या रजेवर. बाळ सात आठवड्यांचं. त्याच्या टाळूला फट. ओठ धड असल्यामुळे पहिल्या दिवशी कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी दूध नाकातून आलं तेव्हा डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं. टाळू उघडी असली की बाळाला तोंडात ओढ धरता येत नाही; जीव तोडून चोखतं आणि पोटात जेमतेम काही जातं. ऑपरेशन वर्षाच्या आसपास होईल असं सर्जननी सांगितलं होतं. तोवर दूध पंपाने काढायचं आणि बाळाला उभट धरून बोंडल्याने पाजायचं. बोंडलं आजेसासूबाईंचं, चांदीचं, दर वेळी उकळून घेतलेलं.

घरी गेले तेव्हा आधी बाळाचं वजन केलं. जन्माचं २.८ किलो, आता ४ किलो. छान. मग वही मागितली. मेघा बँकेतली, त्यामुळे वही खातेवहीसारखी: वेळ, डावी बाजू, उजवी बाजू, बेरीज. पहिल्या महिन्यात रोज आठ नोंदी. पुढे सात, सहा, आणि गेल्या दहा दिवसांत पाच. रात्री अकरानंतरची नोंद थेट सकाळी सहाला.

"रात्रीचं कधी सोडलंस?"

"आईच म्हणाल्या, झोप गं जरा, रात्रीचं मी बघते."

आई म्हणजे सासूबाई, माझ्या तोंडी काकू. मायेनं म्हणाल्या होत्या, त्यात चूक कसली काढायची? पण या वयाच्या बाळाला किलोमागे साधारण १५० मिली धरले तर दिवसाला सहाशेच्या घरात दूध लागतं. म्हणजे इथे भीती खरी होती. तेवढी तूट बालरोगतज्ज्ञांना विचारून डब्याच्या दुधाने भरायची, असं आधी ठरवलं. मेघाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला म्हटलं, हे उसनं आहे, फेडू आपण.

काकू तोवर अळिवाची खीर घेऊन आल्या होत्या. डिंकाचे लाडू, शतावरी, बाळंतशेपा, सगळं चालू होतं. "एवढं खाऊ घालतोय, तरी दूध येईना. त्या मशीननंच आटलं असंल," असं त्यांचं मत. अंगणात म्हैस बांधलेली दिसली म्हणून मी विचारलं, "काकू, धार अर्धीच काढून म्हैस सोडली, रोज, तर काय होईल?"

"आटंल की! आंबोण कितीबी घाला मग."

बोलून झालं आणि काकू स्वतःच सुनेकडे बघत राहिल्या. मला पुढे फार सांगावं लागलं नाही. पहिले काही दिवस दूध संप्रेरकांच्या जोरावर येतं. नंतर जितकं काढून घ्याल तितकं बनतं. दूध छातीत साठून राहिलं की शरीराला निरोप जातो, एवढं नको. अळीव खा, त्यात लोह आहे, बाळंतिणीला चांगलंच; पण खिरीच्या वाटीने तो निरोप बदलत नाही. शिवाय दूध बनवायला लावणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त असतं आणि नेमकी रात्रच सुटली होती.

मग पंप पाहिला. पंपाचं दूध कमी झालं की सगळे आईला तपासतात, यंत्राला कुणी हात लावत नाही. याचा मला खरंच राग येतो. बदकाच्या चोचीसारखी एक पांढरी रबरी झडप असते. ती मी उजेडात धरली. चोचीची फट मिटलेली हवी, इथे ती चक्क उघडी होती. दिवसातून पाच-आठ वेळा चालणाऱ्या पंपाची झडप महिना-दोन महिन्यांत सैल पडते, मग मोटर घरघरते पण ओढ लागत नाही. छातीला लावायची कीप २८ मिलिमीटरची. दुखतं म्हणून तिने मोठी घेतली होती. शेजारच्या मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी आणली, बोंडशीची (स्तनाग्राची) रुंदी मोजली: १७ मिलिमीटर. म्हणजे १९-२० ची कीप पुरे. मोठ्या कीपेत भोवतालची कातडी आत खेचली जात होती. दुखणं त्याचंच होतं.

वेळा पुन्हा सात केल्या. त्यांतली एक पहाटे तीनच्या सुमाराला. पंप लावण्याआधी आणि चालू असताना हाताने हलकं दाबत, चोळत राहायचं. धार थांबली की शेवटची दोन-तीन मिनिटं हातानेच काढायचं. मशीन सोडतं ते हात काढतो. संध्याकाळी एक तास वेगळा: वीस मिनिटं पंप, दहा विसावा, दहा पंप, दहा विसावा, दहा पंप. हा तास आठवडाभरच, जन्मभर नाही. आणि बाटलीवर पायमोजा चढवायचा, म्हणजे रेघा दिसणार नाहीत. बेरीज दिवसातून एकदाच, झोपताना.

पान्ह्याचं काकूंनीच सांगितलं: "वासरू म्होरं असल्याबिगर म्हैस तरी पान्हा सोडती व्हय?" बाळाचं वापरलेलं झबलं मांडीवर आलं.

तिसऱ्या दिवशी फोन. "ताई, चारशे नव्वद. काहीच फरक नाही." मी म्हटलं, आठवडा जाऊ दे, निरोप पोचायला वेळ लागतो. पाचव्या दिवशी पाचशे चाळीस, नवव्या दिवशी सहाशे दहा. डब्याचं दूध बंद. नंतर सातशेच्या आसपास जाऊन ते तिथे थांबलं आणि मेघा पुन्हा घाबरली. थांबणारच. महिन्यानंतर सहा महिन्यांपर्यंत बाळाची दिवसाची गरज फारशी वाढत नाही, सरासरी साडेसातशे मिलीच्या आसपास राहते. रोज वाढत जायला ती काही मुदत ठेव नाही.

पहाटेच्या पाळीला काकू बाळ घेऊन बसायच्या. दूध लगेच फ्रीजमध्ये, दारात नाही, आतल्या बाजूला. चार दिवसांत संपवायचं. उन्हाळ्यात ओट्यावर ठेवायचंच नाही, कारण बाहेर चार तास हा हिशेब २५ अंशांपर्यंतचा, आणि एप्रिलमध्ये त्यांचं स्वयंपाकघर त्याच्या कितीतरी पुढे.

साडेचार महिन्यांनी तिने विचारलं, "आता तीनची वेळ सोडू?" सोड म्हटलं, पण एका वेळी एकच, आणि आठवडाभर बेरीज बघ. तिचं चाळीस मिली कमी झालं आणि तिथेच टिकलं. पुन्हा सुरू करू का, असं विचारायला फोन आला नाही. वही पाहायला मागितली तर म्हणाली, रविवारपासून लिहिलीच नाही.