दोन फोटो एकत्र केले तर चिकटवल्यासारखे दिसतात, काय करावं?

तुम्ही विचारलंय की आजोबांचा जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहे, आजीचा मोबाईलवरचा आहे, दोघांचा सोबत असा एकही नाही आणि फोटोशॉपमधी शेजारी ठेवले तर मधली कड दिसायलीय. आमच्या लातूरच्या स्टुडिओत हे काम लै येतं, वर्षश्राद्ध जवळ आलं की लोकं पिशवीतून असेच दोन फोटो घेऊन येतात, त्यामुळं मनापासून सांगतो.

इरेजर वापरू नका. पुसलेलं नंतर परत आणता येत नाही. आजीच्या लेयरला (म्हणजे आजीचा फोटो ज्या थरावर आहे त्याला) मास्क लावा, म्हणजे न पुसता झाकायचा पडदा, मास्कवर काळा ब्रश फिरवला की झाकतं, पांढरा फिरवला की परत दिसतं, करडा फिरवला तर अर्धवट. ब्रशची हार्डनेस (कडेचा टणकपणा) शून्य आन ओपॅसिटी (रंगाचा दाटपणा) 20-30 टक्के ठेवा. मागची भिंत मिसळायला मास्कवरच काळा ते पांढरा ग्रेडियंट (हळूहळू बदलत जाणारा रंग) ओढा, जितका लांब ओढाल तितकं हळूहळू मिसळतं. पण पदराच्या कडेला आणि टोपीच्या कडेला मऊ ब्रश नको, तिथं हार्डनेस 80 च्या आसपास घ्या, नाहीतर टोपी धुरातून आल्यासारखी दिसती.

पण खरं सांगू का, कड बऱ्याचदा उजेडामुळं दिसती. एकाच्या डाव्या गालावर उजेड आन दुसऱ्याच्या उजव्या, मग मास्क कितीबी चांगला करा, डोळ्याला खटकतंच. अशा वेळी लोकं एक फोटो फ्लिप करतात, मी पण केला होता एकदा, आणि प्रिंट हातात घेतल्या घेतल्या त्या आजींची लेक म्हणली, आईची नथ उजवीकडं कशी गेली? पदर पण उलट्या खांद्यावर गेला होता. पूर्ण फ्रेम परत करून दिली मी. म्हणून आजीला फ्लिप करू नका, त्यापेक्षा नवीन लेयर घेऊन मल्टिप्लाय मोडमधी (यात खालचा रंग गडद होतो) हलक्या करड्या रंगानं गालाची एक बाजू थोडी गडद करा.

मग दोन्ही फोटो ब्लॅक अँड व्हाइट करा आणि कर्व्हजनी (उजेड-अंधार कमीजास्त करायचं टूल) आजीचा काळा-पांढरा आजोबांच्या बरोबरीला आणा. मोबाईलचा फोटो लै गुळगुळीत असतो, जुन्याला दाणा असतो, तर आजीच्या लेयरला किंचित गॉशियन ब्लर देऊन मग अॅड नॉइज 2-3 टक्के, मोनोक्रोमॅटिकवर टिक करून. आणि लहान फोटो ताणून मोठा करू नका, मोठा तो लहान करा, दोघांची डोकी मापात यायला पाहिजेत. 8 बाय 10 इंची प्रिंटला 300 च्या रिझोल्यूशननी 2400 बाय 3000 पिक्सेल लागतात.

फोटोशॉप नसेल तर गिंप फुकट आहे, मास्क त्यातबी असाच चालतो, लेयरवर राइट क्लिक केलं की सापडतं.