नाशिक कोर्टातल्या बेलिफला ताबा वॉरंट बजावताना धमकी मिळाली तर काय करावं?

तुमचा भाऊ बेलिफ, म्हणजे कोर्टाचे आदेश बजावणारा कर्मचारी. जागेचा ताबा देण्याचं वॉरंट घेऊन तो सिडकोत गेला, तेव्हा पक्षकार त्याला म्हणाला, "पुन्हा आलास तर बघून घेईन." हे नुसतं तोंडी सांगून सोडू नका. वॉरंटवरच्या अहवालात वेळ, जागा आणि शब्द जसेच्या तसे लिहून नाझरमार्फत (बेलिफांचा वरिष्ठ) न्यायाधीश साहेबांसमोर ठेवा. पुढच्या वेळी कोर्टाच्या आदेशाने पोलीस बंदोबस्त मिळतो. त्यासाठीचा अर्ज बहुधा डिक्रीदाराचा, म्हणजे दावा जिंकलेल्याचा वकील देतो, त्याच्या मागे लागा.

लोकसेवकाला धमकी म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम २२४, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. अंगावर धावून आला तर कलम १३२, ते अजामीनपात्र. नुसत्या अडथळ्याच्या कलम २२१ ला मात्र भावाची किंवा त्याच्या वरिष्ठांची लेखी तक्रार लागते, आणि घोडं बहुतेकदा इथेच अडतं.

२०२१ मध्ये धनबादला न्यायाधीश उत्तम आनंद यांना सकाळी रिक्षाने उडवून मारलं. म्हणून 'रागाच्या भरात बोलला असेल' म्हणत गप्प बसू नका.