गच्चीवर गेलं की घार डोक्यावर येते

प्रश्न: आमच्या नागपुरातल्या प्रतापनगरच्या घरामागे उंच निलगिरीवर मोठ्या पक्ष्याने घरटं केलंय, गच्चीवर कुरडया वाळत घालायला गेलं की तो डोक्यावरून झेपावतो, आई घाबरून राहिली. शेजारचे म्हणतात गरुड आहे, घरटं काढून टाका. काय करावं?

उत्तर: ताई, घरटं काढू नका हो, प्लीज! गरुड नाही, बहुतेक घार आहे. उडताना शेपूट बघा, मधे खाच दिसली तर घारच, आणि घरट्यात चिंध्या, प्लास्टिकचे तुकडे लोंबत असतील तर शंकाच नको. कबुतराएवढा, छातीवर आडव्या तांबूस रेघा असलेला असेल तर शिक्रा, म्हणजे छोटा शिकारी पक्षी. घार एरवी माणसाच्या वाटेला जात नाही, पिल्लं आहेत म्हणून झेपावते, अंडी उबायला महिनाभर आणि पिल्लं उडायला साधारण दीड महिना, तेवढं सांभाळून घ्या. गच्चीवर जाताना छत्री उघडी धरा, आणि मटणाचे तुकडे कोणीही टाकू नका, त्यानं ती धीट होते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिला संरक्षण आहे, हे शेजाऱ्यांनाही सांगा. पिल्लू खाली पडलं, मांज्यात अडकलं तर खोक्यात ठेवून सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट सेंटरला (जखमी वन्यजीवांवर उपचार करणारं वनविभागाचं केंद्र) कळवा, पाणी मात्र चोचीत ओतू नका.