कार्बन डायऑक्साइड वाढला तर जंगलातली झाडं जास्त जोमाने वाढणार नाहीत का?

कार्बन डायऑक्साइड हे झाडांचं अन्नच आहे, मग हवामानबदलाने जंगलं उलट फोफावायला हवीत, असं तुम्ही म्हणताय. यातला अर्धा भाग बरोबर आहे. औद्योगिक क्रांतीआधी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे साधारण २८० भाग होते, आता ते ४२० च्या वर गेले आहेत. त्यामुळे पानांना पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, थोडी मिटूनही पुरेसा कार्बन मिळतो आणि पाणी वाचतं. थंड प्रदेशात, जिथे पाणी आहे पण ऊब कमी पडायची, तिथे वाढीचा हंगामही लांबलाय.

पण पानाने साखर बनवणं वेगळं आणि खोडाने लाकूड बनवणं वेगळं. लाकूड तयार होतं सालीच्या आतल्या कँबियम या पातळ थरात. तिथली कोवळी पेशी पाण्याच्या दाबानेच ताणून मोठी होते. दाब नसेल तर साखर कितीही असली तरी उपयोग नाही. म्हणून तर खोडाची जाडी बरीचशी रात्री, हवा दमट असताना वाढते. आता तापमान १ अंशाने चढलं की हवेत सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावू शकतं. तेवढं बाष्प हवेत आलं नाही, तर ती पानांतून पाणी ओढते. पाऊस नेहमीइतका होऊनही झाड तहानलेलं राहतं ते असं.

मी खोडांची वलयं अभ्यासते. पोकळ गिरमिटाने खोडातून पेन्सिलीहून बारीक कांडी काढायची, घासून गुळगुळीत करायची आणि भिंगाखाली धरायची. पाइनसारख्या झाडात चांगल्या वर्षी आधी रुंद, फिकट पेशींच्या रांगाच रांगा दिसतात, मग दाट गडद पट्टा. दुष्काळाच्या वर्षी फिकट भाग थोडक्यात आटोपतो. खरा धक्का त्यापुढे बसतो: पाऊस परतल्यावरही अनेक झाडांत वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त काळ, वलयं अरुंदच येतात. पाणी वाहणाऱ्या काही नळ्यांत हवा शिरून त्या निकामी झालेल्या असतात. असे दुष्काळ जवळजवळ येऊ लागले तर झाडाला सावरायला सवडच उरत नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

मातीचाही प्रश्न आहेच. सिडनीजवळच्या जुन्या निलगिरीच्या जंगलात मुद्दाम जास्तीचा कार्बन डायऑक्साइड सोडून पाहिला. झाडांनी सुमारे १२ टक्के जास्त कार्बन घेतला, पण खोडं काही जाड झाली नाहीत. तिथल्या मातीत फॉस्फरस तोकडा आहे. जास्तीचा बराचसा कार्बन मातीतल्या श्वसनातून हवेत परत गेला.

आणि वाढ मोजताना मरणं सोडून चालत नाही. भराभर वाढणारी झाडं बहुधा लवकर मरतात. ॲमेझॉनच्या जंगलांत वर्षानुवर्षं खोडं मोजली तेव्हा आढळलं, की १९९० च्या दशकाच्या तुलनेत तिथली निव्वळ कार्बनसाठवण नंतर बरीच घटली. वाढीचा वेग थबकला होता, मरणाऱ्या झाडांचं प्रमाण मात्र चढतच गेलं.