ड्रम किटच्या आधी पॉलिसीच्या तिसऱ्या हप्त्याचा विचार करा

मुलुंडच्या एका वाचकांचा प्रश्न आहे : नववीतल्या, चौदा वर्षांच्या मुलाला ड्रम शिकायचे आहेत. धोबी तलावच्या एका दुकानात ४८,००० रुपयांचे पाच नगांचे किट पाहून ठेवले आहे, शिवाय शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून खोलीला फोम लावण्याचे १५,००० धरले आहेत. या खर्चासाठी ‘मुलाच्या उच्च शिक्षणाच्या’ पॉलिसीवर कर्ज काढावे का? पत्रात पुढे दिलेली माहिती अशी : वय ४२, हातात येणारा पगार ८०,०००, गृहकर्जाचा हप्ता २७,०००, घरखर्च ४०,०००, कर्जाची बाकी २८ लाख, मुदत ठेव दीड लाख, पत्नी गृहिणी. पॉलिसी दोन वर्षांपूर्वी बँकेतूनच घेतलेली आहे. वर्षाला एक लाख याप्रमाणे दहा वर्षे भरायचे आणि पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर हमीचे १७ लाख मिळायचे. घरातला विमा काय तो या पॉलिसीचाच, दहा लाखांचा. तिसरा हप्ता पुढच्या महिन्यात आहे.

कर्जाचे उत्तर ‘नको’ असे आहे. दोन हप्ते भरलेल्या अशा पॉलिसीचे हमीचे सरेंडर मूल्य, म्हणजे ती मुदतीआधी मोडल्यास मिळणारी रक्कम, भरलेल्या रकमेच्या ३० टक्के, म्हणजे साठ हजारांच्या आसपास असते आणि कर्ज त्याच्याही ८०-९० टक्क्यांपर्यंतच मिळते. ते किटलाच जेमतेम पुरेल.

आता तुम्ही न विचारलेल्या गोष्टीकडे येतो, कारण तुमचे मोठे नुकसान तिथे होत आहे. पॉलिसी घेतली तेव्हा मुलगा बारा वर्षांचा होता. पंधरा वर्षांनी तो सत्तावीस वर्षांचा असेल. महाविद्यालयाची फी मात्र अठराव्या वर्षापासून, म्हणजे अजून चारच वर्षांनी भरावी लागेल, आणि त्या वेळी ही पॉलिसी पैसे देण्याऐवजी तुमच्याकडूनच दरवर्षी एक लाख मागत असेल. ज्या माणसाने मुलाचे वय विचारून हा अर्ज भरून घेतला, त्याला ही बेरीज करता येत नव्हती असे मी मानत नाही. ‘दहाचे सतरा, म्हणजे सत्तर टक्के नफा’ हे त्याचे वाक्य तुम्ही विश्वासाने उद्धृत केले आहे, परंतु पंधरा वर्षांवर पसरलेला हा नफा वर्षाला साधारण पाच टक्के भरतो.

त्याहून गंभीर बाब म्हणजे तुम्ही घरातले एकटे कमावते आहात. उद्या तुमचे काही बरेवाईट झाले तर गृहकर्जाच्या हप्त्यासह महिन्याच्या ६७,००० रुपयांच्या खर्चाला हे दहा लाख पंधरा महिने पुरतील. २८ लाखांचे कर्ज फेडून घरखर्चाची वीस वर्षांची तरतूद करायची, तर सव्वा कोटीचे विमाछत्र हवे. तुमच्या वयाच्या निर्व्यसनी, निरोगी माणसाला साठीपर्यंतचा तेवढा निव्वळ मुदत विमा, म्हणजे टर्म प्लॅन, वर्षाला पंचवीस हजारांच्या आसपास पडेल. त्याचा अर्ज याच आठवड्यात करा, आणि आजार वा व्यसन काहीही लपवू नका. जुन्या पॉलिसीच्या वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत मुदत असते. नवा विमा तेवढ्या काळात हातात यावा.

दरम्यान विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा : आज सरेंडर केल्यास काय मिळेल, आणि हप्ते थांबवून पॉलिसी ‘पेड-अप’ केल्यास मुदतीअखेर काय मिळेल. दहापैकी दोन हप्त्यांच्या प्रमाणात पेड-अप रक्कम ३ लाख ४० हजारांपर्यंत येऊ शकते. आजचे साठ हजार सात टक्क्यांनी तेरा वर्षांत सुमारे दीड लाख होतात. म्हणून पेड-अपचा आकडा दीड लाखाहून बराच मोठा असेल तर ते पैसे तिथेच राहू द्या आणि एजंटाने कितीही गळ घातली तरी तिसरा हप्ता भरू नका. वाचलेल्या लाखातून विम्याचे पंचवीस हजार वजा जाता उरलेले पंचाहत्तर हजार, म्हणजे महिन्याला सव्वासहा हजार, आवर्ती ठेवीत टाकल्यास चार वर्षांत साधारण ३ लाख ४० हजार जमतील. ही रक्कम लहान आहे, पण फी भरण्याच्या दिवशी ती हाताशी असेल.

किटबद्दलही बोलायला हवे, कारण मुलाची इच्छा खरी आहे आणि ती मोडू नये असे मला मनापासून वाटते. ‘पाच नग’ म्हणजे पाच ड्रम : बास, स्नेअर आणि तीन टॉम. झांजा त्यात मोजत नाहीत. ४८,००० मध्ये हाय-हॅट, क्रॅश, राइड या झांजा, त्यांचे स्टँड, बासचे पेडल आणि बसायचे स्टूल आहे का, हे दुकानदाराकडून लिहून घ्या. नसेल तर खर्च सहज आणखी काही हजारांनी वाढेल. फोमवर एक रुपयाही घालवू नका. फोम खोलीतला घुमारा कमी करतो. पेडलचा ठोका स्लॅबमधून खालच्या घरात जातो, तो त्याने अडत नाही. निवासी भागासाठी ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, तर अकूस्टिक, म्हणजे विजेविना वाजणारे, किट शंभरच्या घरात सहज पोहोचते.

म्हणून आत्ता रबरी प्रॅक्टिस पॅड, त्याचा स्टँड आणि ‘५ए’ मापाच्या काठ्या घ्या. सगळे मिळून तीन-चार हजारांत बसेल. आठवड्याचा वर्ग लावा आणि खऱ्या किटवरचा सराव तिथे किंवा तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या जॅम रूममध्ये होऊ द्या. सगळे खर्च जाऊन तुमच्याकडे महिन्याला पाचएक हजार उरतात. वर्गाची फी भरून उरेल ते किटसाठी वेगळे ठेवा, दीड लाखाच्या ठेवीला हात लावू नका. वर्षभराने मुलगा न सांगता पॅडवर बसत असेल, तर वीस इंची बासचे, लहान जागेत मावणारे वापरलेले किट पाहा. निवड शिक्षकांना सोबत नेऊन करा आणि झांजा मात्र चांगल्या घ्या. घरी जाळीचे हेड, म्हणजे ड्रमवर ताणायचे पडदे, आणि छिद्रे असलेल्या कमी आवाजाच्या झांजा लावा, खाली जाड गालिचा घाला. मांडणीची सुरुवात स्टुलाच्या उंचीपासून करा : मांड्या किंचित उतरत्या, स्नेअर दोन गुडघ्यांमध्ये, पेडल पाय सहज पडेल तिथे, मग टॉम आणि सर्वांत शेवटी झांजा. हेड ताणताना समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा.

‘पुढे तो ऑर्केस्ट्रात वाजवून किटचे पैसे वसूल करील’ असे तुम्ही लिहिले आहे. ही अपेक्षा हिशेबात धरू नका आणि मुलाच्या कानावरही घालू नका. कंपनीचे लेखी उत्तर आले की दोन्ही आकडे मला कळवा.