छायाचित्रातील ‘राजकन्या’

प्रश्न : अमेरिकेतील आदिवासींच्या हस्तकलांविषयी वाचताना एक जुने छायाचित्र पाहण्यात आले. लांब झगा घातलेली, अंगाने भरदार अशी एक प्रौढ स्त्री गोल टोपल्यांशेजारी बसली आहे आणि खाली ‘दात सो ला ली, वाशो राजकन्या’ असे छापले आहे. ही खरोखरच राजकन्या होती काय? टोपल्या विणणाऱ्या बाईचे असे छायाचित्र कोणी आणि कशासाठी काढविले असेल? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : राजकन्या नव्हे, नेवाडा आणि कॅलिफोर्निया यांच्या सीमेवरील टाहो सरोवराच्या परिसरात राहणाऱ्या वाशो लोकांत राजघराणे मुळी नव्हतेच. या बाईंचे कागदोपत्री नाव लुईसा कायझर. कार्सन सिटी येथे कापडचोपडाचे दुकान चालविणारे एब कोन यांनी 1895 च्या सुमारास त्यांच्या टोपल्या घेण्यास सुरुवात केली आणि पुढे घर, अन्नवस्त्र व औषधपाणी यांच्या मोबदल्यात त्यांचे विणकाम स्वतःकडे राखून ठेवले. एब यांच्या पत्नी एमी प्रत्येक टोपलीची वहीत नोंद करीत, तिच्यासोबत प्रमाणपत्र देत आणि गिऱ्हाइकाला भुरळ पडेल अशा कथाही रचीत. राजकन्येची कथा त्यांपैकीच एक, आणि छायाचित्रेही याच विक्रीच्या खटाटोपाचा भाग होती. म्हणून अशा चित्रातील मांडणीवर विश्वास ठेवताना जपावे. टोपल्यांवर मात्र खुशाल ठेवावा.

त्या टोपल्या नीट पाहा. तळाशी अरुंद, मध्ये फुगलेल्या आणि तोंडाशी पुन्हा आवळलेल्या या घाटाला ‘देगिकुप’ म्हणतात. तो प्राचीन विधींतला असल्याचे दुकानातून सांगितले जाई. पण पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले की हा घाट विक्रीसाठीच, बहुधा लुईसाबाईंच्याच हातून, घडला. आमच्या मते यात त्यांचा मान वाढतोच, कारण परंपरा गिरविण्यापेक्षा नवा घाट रुजविणे अवघड. विलोच्या, म्हणजे आपल्या वाळुंजाच्या कुळातील झाडाच्या, काड्यांचे वेटोळे एकावर एक चढवीत ते विलोच्याच बारीक धाग्यांनी शिवायचे; हे धागे काढताना काडीचे एक टोक दातांत धरून ती चिरायची. तांबड्या नक्षीसाठी रेडबड या झुडपाची साल आणि काळीसाठी नेच्याचे मूळ वापरीत. एवढ्या सामग्रीतून फुगवटा कोठेही न डगमगता वळविणे हे खरे कसब, आणि ते कृष्णधवल चित्रातही लपत नाही. तांबडा रंग तेवढा त्यात हरवतो.

लुईसाबाई 1925 च्या डिसेंबरमध्ये कार्सन सिटीत वारल्या. 1904 ते 1905 या काळात, वर्षाहून अधिक काळ खपून, त्यांनी विणलेली ‘बीकन लाइट्स’ ही टोपली आज न्यूयॉर्क राज्यातील कूपरस्टाउनच्या फेनिमोर कलासंग्रहालयात आहे. हे नावही दुकानाकडूनच मिळालेले.